सोमवारी येऊ

सोमवारी येऊ असं सांगून गेलो होतो,
आलो रविवारी.
वादळाचा इशारा होता, बोटी बंद होणार होत्या.
तिकीट बदलायला साडेचार हजार गेले
आणि विमानतळापासून तू
त्या साडेचार हजारांवरच बोलत राहिलास.
ऐरोलीच्या पुलावर टॅक्सी चढली तेव्हा गप्प झालास.
मग म्हणालास, कळव्याला आत्ता फोन केला
तर ताई रात्रीच मुलांना घेऊन येईल.
मी म्हटलं, येईल.
दोघांपैकी कुणीच फोन काढला नाही.

चोरासारखे शिरलो स्वतःच्या घरात.
चपला आत घेतल्या.
गॅलरीतला दिवा लावला नाही;
म्हापणकर काकूंना दिव्यावरून सगळं कळतं.
दूध बंद ठेवलेलं, म्हणून कोरा चहा,
फ्रीजमध्ये अर्धं लिंबू
आणि कौस्तुभने चावून ठेवलेलं चॉकलेट.
त्याचे दात उमटलेली बाजू सोडून
तू उरलेलं खाल्लंस.
आपण कुजबुजत होतो. कुणासाठी, कोण जाणे.

अंदमानात पाच दिवस मुलांबद्दलच बोललो आपण.
होडीत बसून पैसे मोजून कांदळवन पाहिलं,
जे इथे स्वयंपाकघरातून फुकट दिसतं,
आणि तिथेही तू म्हणालास, शाल्मलीला आवडलं असतं.
चौथ्या दिवशी बोलणं संपलं
तेव्हा मी उठले आणि पाण्यात शिरले.
लग्नाला तेरा वर्षं, आणि तुला माहीत नव्हतं
मला पोहता येतं.
मामाच्या तळ्यात शिकले होते, पाठीला डबा बांधून.
कधी विषयच निघाला नव्हता.
लांबून वळून पाहिलं तर तू काठावर उभा,
एका मुठीत रुमालात बांधलेलं माझं मंगळसूत्र,
दुसऱ्या हातात माझ्या चपला,
आंतरपाट धरल्यावर दिसला होतास तसाच गांगरलेला.

साडेनऊला फोन वाजला.
तोवर मशीन लावलं होतं आपण,
वाळूने जड झालेले टॉवेल, तुझी ती निळी चड्डी.
कौस्तुभ म्हणाला, बाबा, समुद्र दिसतोय?
तू खिडकीपाशी गेलास.
खाली झाडांचा काळोख, त्याच्या पलीकडे खाडी,
तिच्यात पुलाचे दिवे थरथरत होते.
अंधार आहे रे, म्हणालास, पण आहे.
मग आवाज ऐकव.
माझ्याकडे पाहिलंस.
आणि सरळ गेलास, मशीनपुढे उकिडवा बसलास,
फोन झाकणाला टेकवलास.
घळ्ळ… घळ्ळ… थांबून पुन्हा घळ्ळ.
आतली वाळू पत्र्याला खरवडत होती.
पलीकडे पाच वर्षांचा मुलगा श्वास रोखून ऐकत होता.
मी पदर तोंडात कोंबला.
मोठ्या आहेत लाटा, तो म्हणाला.
वाढतायत, तू म्हणालास, कारण पिळणं सुरू झालं होतं.
आणि मग अर्थातच ते झालं,
मशीन थांबलं
आणि त्याने आपली ती संपल्याची धून वाजवली,
सगळी, शेवटपर्यंत.

बाबा, समुद्र संपला?

ओहोटी लागली, बाळा.

मग शाल्मलीने फोन घेतला.
बराच वेळ काही बोलली नाही.
दहा वर्षांची आहे,
रविवारचे कपडे तीच लावते मशीनला.
आई, म्हणाली, उद्याच या तुम्ही.
याला मी झोपवते.

कपडे आतच वाळत घातले, दारांवर, खुर्च्यांवर.
तू हसत नव्हतास आता, मीही नाही.
खूप उशिरा, अंधारात, तू विचारलंस
त्या तळ्याला पायऱ्या होत्या का.
होत्या, म्हटलं, सात, शेवटची शेवाळलेली.
मग सांगत बसले.

महिना झाला.
मशीनच्या रबराच्या घडीत
अजून वाळू निघते.
शाल्मली बोटाने ती गोळा करते,
काही न बोलता
कुंडीत टाकते.