दार बसेपर्यंत

मनपाच्या शाळेत मी गणित शिकवतो.
जानेवारीत आम्हाला बेघर मोजायला लावलं,
रात्री दहा ते दोन. टॉर्च मिळेल, स्वेटर आपापला.

मानेवाड्याच्या पुढं, उड्डाणपुलाच्या पोटाखाली
बिसाहिन निषाद तीन विटांवरून भात उतरवत होती.
गाव? बेमेतऱ्याच्या पल्याड.
नागपुरात कधीपासून?
तिनं बोटांवर मोजलं,
वर्षं नाही, इमारती:
बेसा, दोन. मनीषनगर. वाठोड्याची उंचवाली.
खरबीची ती, जिचा बिल्डर पळाला.

आणि राहायला?
"त्याच्यातच ना, गुरुजी.
स्लॅब पडला का खाली आमचा बिछाना.
भिंती उठते, वारा कमी कमी होत जाते.
मग प्लास्टर. मग फरशी.
मे महिन्यात फरशीवर झोपाची लय मजा,
अशी गार.
मग सुतार येते चौकट घेऊन.
दार बसलं का आपलं निघाचं."

यंदा दारं बसली
आणि पुढचा पाया खणलाच नाही कोणी.

निवाऱ्याचं सांगा, असं आम्हाला सांगितलं होतं. सांगितलं.
"जाऊन आली. तिथं बाया अलग, माणसं अलग.
पोट्टा बारा वर्षांचा, त्याले कोन्या बाजूले टाकू?
अन् हे फावडं, हे घमेलं
कोनाजवळ निजवू?"

मग तिनंच विचारलं,
"तुम्ही कुठी राहता?"
फॉर्मात असा प्रश्न नव्हता.
बेसा, मी म्हणालो.
"पिवळी? पाण्याच्या टाकीजवळची?"
हो.
"कितवा माळा?"
चौथा. डावीकडचा.
ती भाताकडं बघत राहिली जरा वेळ.
"मागच्या खोलीत, खिडकीखाली
एक फरशी पोकळ वाजते का?"

सहा वर्षं हप्ते भरतोय. माहीत नव्हतं.

"वाजत असन. त्या दिवशी माल कमी पडला,
अन् मले कळा सुरू झाल्या.
मिस्त्री म्हने, राहू दे, कोन वाजवून पाहाते.
हे तिथलीच."
गोधडीबाहेर आलेला एक लहान पाय
तिनं आत ढकलला.
पाय परत बाहेर आला.

रकाना चार, सध्याचा पत्ता: पूल.
रकाना पाच, कायमचा पत्ता.
थंडीनं पेन चालत नाहीये, असं मी
सोबतच्या लांजेवार बाईंना म्हणालो.

अडीचला घरी. कुलूप, लॅच, आतून साखळी.
बायको झोपलेली.
मागच्या खोलीत लेकीच्या पलंगाशेजारी वाकून
चमच्याच्या दांड्यानं
एकेक.

टक.
टक.
टक.
खिडकीपासून दुसरी,
ठब.

लेक कुशीवर वळली. "बाबा, कोण आलंय?"

मी तिथंच बसून राहिलो, अनवाणी.
फरशी गार होती.