ओ

आजोबा लाइपझिगला घड्याळं दुरुस्त करायचे.
मग विद्यापीठातल्या कुणा प्राध्यापकाने त्यांच्याकडे
सेकंदाचे हजार तुकडे करणारं यंत्र मागितलं.
ट्राउगॉट झ्विन्चर : नखांत तेल, नाकावर चिमटा चष्मा.
गोळी फळीवर पडे, कुणीतरी बटण दाबी,
काटा थांबे. एकशे ब्याण्णव.

एकदा माणूस कमी पडला, त्यांनाच बसवलं खुर्चीत.
आवाज आला तेव्हा मनात काय आलं?
"हेर्मिना," आजोबा म्हणाले.
"आमच्या दाराची कडी अशीच वाजायची."
आजी जाऊन तेव्हा महिनाच झाला होता.
प्राध्यापकांनी ते खोडलं.
फक्त आवाज सांगा : उंच की खोल, कडक की मऊ.
कडी नको. हेर्मिना तर नकोच.

ओटिलीआत्या व्हिएन्नाला जाऊन कोचावर आडवी पडली,
आठवड्याचे पाच दिवस, तीन वर्षं.
तिथे नेमकी कडीच हवी होती,
कडीत अडकलेली कडी, आणि तळघर.
परतली तेव्हा घरात कुणी साधं शिंकलं
तरी ती वही उघडी.

बाबांना बर्लिनमध्ये अंधाऱ्या खोलीत दोन दिवे दाखवले.
एक विझे, दुसरा लागे.
मधे काही नव्हतं, बाबा सांगत,
आणि तरी मी ते जाताना पाहिलं.
सांगताना त्यांचा हात हवेतून सरके
डावीकडून उजवीकडे,
जहाजावरही, पुढे आयोवातही.

आयोवात नोकरी मिळाली ती उंदरांची.
पेटी, दांडी, दाणा.
आत काय चाललंय हे विचारणं तिथे असभ्य,
पगार विचारल्यासारखं.
बाबा मुकाट दाणे मोजत.
एका उंदराला त्यांनी चोरून नाव दिलं होतं.
कोणतं, ते मलाही नाही सांगितलं.

मार्चमध्ये झटका आला, तेव्हापासून ते बोलत नाहीत.
डॉक्टर म्हणाले, हाक मारत राहा.
मी हाक मारते. थांबते.
आजोबांचं यंत्र माझ्या तळघरात आहे, काटा अडकलेला.
बरंच झालं.
हाक आणि ओ यांच्या मधल्या जागेत
मी किती वेळ बसून आहे
हे मला कुणी सांगायला नको.

खिडकीबाहेर, गाड्या लावायच्या जागेत
एक दिवा विझतो,
पलीकडचा लागतो.
चादरीवर बाबांचा हात
बोटभर
उजवीकडे.