कासिमिरा, चौतिसाव्या वर्षी

पट्टी सुटली तेव्हा डोळ्यांत नुसता गलका.
तपकिरी काहीतरी हललं. पांढरं काहीतरी हललं नाही.
"हा मी," गलक्यातला एक डाग म्हणाला
आणि आवाजामुळे डागाला नाक फुटलं, मिशा फुटल्या :
एलिओदोरो. अकरा वर्षांचा संसार.

उयुनीच्या मिठापलीकडे लोकरीचा लामा दिसला, बोटाएवढा;
चिमटीत धरायला गेली.
दूर म्हणजे लहान, हे कुणी सांगितलंच नव्हतं.
पायऱ्या नुसत्या रेघा.
सावली म्हणजे खड्डा, वळसा घालून गेली.

रात्री दिवा घालवून मागाशी बसते.
अंधारात बोटांना सगळं लख्ख.
मग दिवा लावते, कापडावर हात ठेवून
डोळ्यांना शिकवते,
पाटीवर मुलाचा हात धरून गिरवतात तसं :
हा काठ. ही गाठ.
हा लाल,
जो आजवर फक्त खरखरीत होता.