वाकण्याचा रकाना

फैजपूरच्या आमच्या लॅबमध्ये
आजवर फक्त ठोकळे फुटले.
सिमेंटचे, सात दिवसांचे, अठ्ठावीस दिवसांचे,
धाडकन्.
मी वहीत लिहायचो: फुटला, इतक्या भाराला.
एकोणीस वर्षं हेच.

मग चिनावलची कुंदा फेगडे
गोणपाटात गुंडाळून तक्ते घेऊन आली.
घड उतरल्यावर बांधावर फेकलेले केळीचे खांब,
त्यांचा वाख काढून राळेत बसवलेला,
चार मिलिमीटर जाड, फूटभर चौरस.
उजेडात धरला की आत धागे दिसत,
सगळे एका दिशेला, विंचरल्यासारखे.

"काका, हा उभा एक आणि आडवा दुसरा."
मी हसलो.
चौकोन तर चौकोन,
त्याला कसलं उभं-आडवं!

मे महिना, पंखा बंद,
यंत्रातलं तेलही पातळ झालेलं.
धागे उभे ठेवून चारी कडा खाचेत धरल्या.
काटा चढला, चढला,
आणि काहीही न बोलता
तक्त्याला पोट आलं.
एकच, मोठं, मधोमध.

मग धागे आडवे.
हा लवकर सुटला,
आणि पोटं दोन:
वरचं माझ्याकडे, खालचं तिच्याकडे.
वाख तोच, राळ तीच,
ओझं कुठल्या अंगानं आलं एवढाच फरक.

मी पेनचं टोपण काढलं.
"थांबा ना काका."
काटा अजून चढत होता,
पाय ओढत, पण चढत होता.
"मधल्यानं अंग काढून घेतलं," ती म्हणाली,
"आता कडा उचलताहेत."
तिनं दाखवलं त्या कडेला मी बोट लावणार होतो,
लावलं नाही.

बेंडाळे सर दारातून म्हणाले, निकामी लिहा, जेवायला चला.

भार उतरवला.
टक्.
तक्ता जसा होता तसा.
मी तळवा फिरवून बघितला,
उंचवटा नाही, चीर नाही,
माझ्याच घामाचा डाग तेवढा.

"आता मले सांग, फुटलं का नाही हे?"
ती हसली, डबा उघडला.

वहीत रकाना एकच होता.
पट्टी नेमकी सापडेना,
म्हणून तिचाच तक्ता पानावर ठेवला,
कडेला पेन लावलं
आणि दुसऱ्या रकान्याची रेघ ओढली.

सरळ आली.