पाच आधी, वीस मागून

बांधाच्या दारावरच्या खोलीत
एक पिवळट पडलेलं स्पार्क आहे.
बंद केलं तर पुन्हा सुरू होईलच असं नाही,
म्हणून अकरा वर्षं कुणी बंद केलेलं नाही.
त्यावर नेटबीएसडी.

ओक्को म्हणतो, गेशे, टाकून दे ते आता.
माझ्या लॅपटॉपवर हे सगळं तयार मिळतं,
शिजवलेलं, गरम.
असेल, म्हणते मी.
पण भरती मोजणारी तार याच्या पाठीत शिरते,
आणि तुझ्या लॅपटॉपला तेवढं भोकच नाही.

तर मी कच्चं आणलं.
गाठोडं सोडलं, कॉन्फिगर म्हटलं,
आणि ते नाक्यावरच्या शिपायासारखं विचारू लागलं:
कंपायलर आहे का? आहे.
चालतो का? चालतो.
पूर्णांक किती बाइटचा? चार.
मोठा बाइट आधी ठेवता का? होय.
बरं, म्हणालं,
आणि कुठेतरी लिहून ठेवलं.

पहिल्या रात्री मेक अडलं.
त्यांचं मेक वेगळं, माझं वेगळं,
नाव तेवढं एक.
दुसऱ्या रात्री त्याला बॅश हवं होतं
आणि ते माझ्याकडे दुसऱ्याच गल्लीत राहतं.
तिसऱ्या रात्री त्याने लिनक्सच्या नावाची
एक हेडर फाइल मागितली,
शेजाऱ्याच्या घराची किल्ली मागावी तशी, हक्काने.
मी ती ओळच खोडली.
काही झालं नाही.
ती किल्ली कुणी कुठल्याच कुलपाला लावत नव्हतं.

मग ओळी सरकू लागल्या,
पाच मिनिटांना एक, कधी सात.
मी कपात खडीसाखर टाकली,
वरून चहा ओतला, ती तडकली.
साय ढवळायची नाही, आई म्हणायची.
बाहेर ओहोटी चिखल उघडा करत गेली
आणि खोलीत पंखा
दम लागलेल्या म्हाताऱ्या मेंढीसारखा.

पहाटे झालं. एकही चूक नाही.
चालवून पाहिलं.
खुणेच्या काठीवर पाणी पंचवीस सेंटिमीटर,
पडद्यावर सहा हजार चारशे.

चौसष्ट मीटर!
बांध, मेंढ्या, चर्चचा कळस, मी, माझा चहा,
सगळं केव्हाच बुडालेलं.
मी खिडकीतून पाहिलं.
एक बगळा घोट्याएवढ्या पाण्यात उभा होता.

आमच्याकडे पंचवीस म्हणताना
पाच आधी येतो, वीस मागून.
लिहिताना मात्र हात दोनापासून सुरू करतो.
लहानपणी फोनवर नंबर घेताना
हमखास चुकायचे मी.
मापक बोलतो तोंडासारखा, लहान आधी.
माझं यंत्र वाचतं हातासारखं, मोठं आधी.
ज्याने हे लिहिलं त्याच्या टेबलावर
तोंड आणि हात एकच होते.
त्याला कळणार कसं?

आणि विचारलं तर होतं.
पहिल्याच रात्री विचारलं होतं, मी होय म्हटलं होतं,
उत्तर जिथे ठेवलं तिथेच पडून होतं,
कुणी उघडून वाचलंच नव्हतं.

एक ओळ घातली: उत्तर होय असेल तर उलटवून घे.
पुन्हा सगळी रात्र. पुन्हा मेंढी.
तेवीस.
खाली जाऊन काठी पाहिली. तेवीस.

ओळ पाठवून दिली.
वाल्दिव्हियाहून इलारिओ नावाच्या कुणाचं उत्तर आलं:
माझ्याकडे असलं यंत्र नाही, कधी पाहिलंही नाही.
तुझ्याकडे चालतं ना?
चालतं, मी लिहिलं.
मग घेतो, म्हणाला.
एवढंच.
त्याच्याकडेही समुद्र आहे म्हणे, दुसरा.

परवा नवी आवृत्ती आली.
बदलांच्या यादीत तळाशी बारीक अक्षरात:
उलट्या यंत्रांवर आता चालते.
उलट्या!
ओक्कोला वाचून दाखवलं, तो खोकेपर्यंत हसला.

आता ती उतरवून घेते आहे.
खडीसाखर संपत आली आहे.