पूल

रात्री दीडला यंत्रानं कळवलं,
पूल खालावला आहे.
आई जागीच. म्हणाली, कोणता, कुंडलिकेवरचा?
नाही गं. आपला. फ्रीजशेजारचा.

चार डिस्का. दोन एकाच खोक्यातून आलेल्या, जुळ्या,
एक नांदेडच्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतली,
एक मुनाफभाईंनी उधारीपोटी दिलेली.
चौघींत मिळून एकच बिऱ्हाड :
तेरा वर्षांची लग्नं, हळदी, रुसलेले मामे,
ज्यांचे पैसे आले ती,
आणि ज्यांचे अजून यायचेत तीही.

चुका आठ होत्या. चहा होईतो एकशे बारा.
मी नांदेडवालीवर संशय धरला,
जुनी, परक्या घरची.
टॉर्च दातांत धरून नंबर वाचला. जुळेना.
चुकत होती जुळ्यांतली धाकटी,
वॉरंटीतली.

तेवढ्यात एमआयडीसीत भट्टी लागली असावी,
दिवे क्षणभर खाली बसले.
आई म्हणाली, वायर बदलून पाह्यलीस का?
पंख्याचं बी तसंच झालं होतं.

डब्यातली जुनी वायर. चाळीस रुपयांची.
धाकटी निमूट बोलायला लागली.

आता तपासणी चालू आहे, एकतीस टक्के.
नांदेडवालीत खरंच एक खड्डा निघाला,
नेमका त्याच जागी, जिथं धाकटीही चुकली होती.
त्यात एक लग्न गेलं : इंदुमती आणि भास्कर, परतूर.
नाव तेवढं उरलं.
त्यांनी कधी मागितलं नाही. तरी फोन करावा लागेल.

आई कूस बदलते.
जाता येतंय का मग पुलावरून?
म्हटलं, येतंय. सावकाश.