वर पक्ष, खोली चार

अन्नपूर्णा रोडवरचं एक मॅरेज गार्डन
त्या एप्रिलात आम्हाला राहायला दिलं.
लग्नं रद्द झालेली. फाटकावर कुणा रुचिरचं नाव
थर्माकोलमध्ये लटकत होतं,
त्यातला 'र' गळून गवतात.
डॉक्टरांना हॉटेल, नर्सेसना हे.
लॉन्ड्रीवाल्यांनी आपापल्या घरून यावं-जावं
असं आदेशातच होतं, खाली शिक्का.

माझी खोली 'वर पक्ष – ४'.
तरी आरशाला टिकल्या, सात
वेगवेगळ्या कपाळांवरच्या.
मी त्या काढल्या नाहीत.
रात्री मास्कचे वळ घेऊन आले
की त्यांच्यामधून स्वतःचा चेहरा शोधायचा.

घर तीन किलोमीटरवर, लोकमान्यनगरात.
ईशान रोज नऊला गच्चीतून टॉर्च हलवायचा.
मध्ये एक पाण्याची टाकी.
मी फोनवर म्हणायची, हो, दिसला.

मेमध्ये दमा उसळला.
मेट्रन थॉमस फाइल न उघडताच म्हणाल्या,
"रेगे, उद्यापासून टेलिफोन."
सवलत. कागदावर हाच शब्द.
जिन्याखाली टेबल, एक लँडलाइन, एक यादी:
कोणाच्या घरी काय सांगायचं.

वॉर्डात हात धरता यायचा.
इथे रिसीव्हर.
एकदा मी नुसतं "हॉस्पिटलमधून बोलतेय" म्हटलं
आणि बाई घाईघाईनं सांगू लागल्या,
त्यांच्या चष्म्याची काडी मोडलीय हो,
पिशवीत टेप ठेवलाय, तेवढा लावून द्या,
पेपर वाचल्याशिवाय चैन पडत नाही त्यांना.
मी यादीवरचं बोट काढलं नाही.
म्हटलं, लावते.

मग पैसे जाहीर झाले. महिन्याला दहा हजार.
फॉर्मात रकाना: रुग्णाशी प्रत्यक्ष संपर्क, दिवस.
मी लिहिलं एकोणतीस. पुढे टेलिफोन, असंही लिहिलं.
गेंदालाल फॉर्म उलटा धरून उभा.
रोज दोनशे चादरी त्याच्या कढईत,
कोपरापर्यंत कातडी सोललेली.
"सिस्टर, चादर मरीज में आवे के नी?"

अकाउंट्समधले कानविंदे मान वर न करता म्हणाले,
येत नाही.

माझे आले, संक्रांतीनंतर. दोन महिन्यांचे वीस.
त्यातून नेब्युलायझर घेतला, ईशानची फी भरली.
पावसाळ्यात पत्र:
दुसऱ्या महिन्याची रक्कम अनवधानाने अदा झाली आहे,
चार हप्त्यांत वसूल करण्यात येईल.
मी चिडले नाही. चिडायला लागतो तो श्वास
मी पंपावर मोजून घेत होते.

त्याआधी, पैसे हातात होते तेव्हा,
एक पाकीट घेऊन लॉन्ड्रीत गेले होते.
गेंदालालनं ते वजन केल्यासारखं तळहातावर धरलं
आणि परत दिलं.
"यो नी. लिख दो, के मैं थो यां."

लेटरहेड मला कोण देणार?
टेलिफोनच्या यादीची पाठ कोरी होती.
त्यावर लिहिलं: श्री. गेंदालाल, लॉन्ड्री विभाग,
चादरी रोज दोनशे, संपर्क प्रत्यक्ष.
खाली माझी सही, नर्सिंग रजिस्ट्रेशन नंबर.
त्यानं कागद चादरीसारखा घडी केला,
कोपऱ्याला कोपरा लावून,
मग पुन्हा उघडून माझ्यासमोर धरला.
तारीख राहिली होती.

कुठपासून कुठपर्यंत घालायची
ते मला ठरवता येईना.
तो म्हणाला, रेवा दो.